शिक्षणाची आकडेवारी: मोजलं कोणाला आणि भागलं कशाने?

अंशछेद

२०१९-२० साली उच्च शिक्षणातला आपल्या देशाचा जीईआर, म्हणजे त्या वयाच्या लोकसंख्येच्या तुलनेत नोंदलेल्या विद्यार्थ्यांचा टक्का, किती होता? त्या वर्षीचा 'आयशे' या उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीचा अहवाल उघडलात तर २७.१ सापडेल. पुढच्या वर्षीचा अहवाल आला तेव्हा सरकारने त्याच २०१९-२० साठी २५.६ हा आकडा दिला. विद्यार्थी तेच, कॉलेजं तीच, बदलला तो फक्त छेद. आधी १८ ते २३ वयाची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेवरून अंदाजली होती, नंतर ती २०११ च्या जनगणनेवरून अंदाजली. हे माहीत नसलेला माणूस २७.१ च्या शेजारी २०२०-२१ चे २७.३ ठेवतो आणि वर्षभरात काहीच हललं नाही असं लिहून मोकळा होतो. एकाच छेदावर मोजलं तर वाढ २५.६ वरून २७.३, म्हणजे चांगली १.७ अंकांची आहे.

बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत आणि पुढे प्रौढ साक्षरतेपर्यंत आपल्याकडे आकडे भरपूर आहेत. पण ते एका छपराखाली नाहीत. शाळांचे यूडायस प्लस या सरकारी नोंदप्रणालीवर, कॉलेजांचे आयशेत, अंगणवाडीचे महिला व बालविकास खात्याच्या पोषण ट्रॅकरवर, प्रौढांचे 'उल्लास' या साक्षरता कार्यक्रमात. मुलांना काय येतं ते 'असर' आणि 'परख' या पाहण्या सांगतात. घरचा खर्च राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहण्यांत मिळतो. प्रत्येकाचं वय वेगळं, तारीख वेगळी, व्याख्या वेगळी. आणि टक्केवारी काढायला यांतल्या बऱ्याच आकड्यांना लोकसंख्येचा जो छेद लागतो तो अजून २०११ च्या जनगणनेवर उभा आहे. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता दहावीच्या आसपास पोचली.

सगळ्यात जास्त गैरसमज शाळांच्या पटसंख्येबद्दल आहे. २०२१-२२ मध्ये देशभर पूर्वप्राथमिक ते बारावी २६.५२ कोटी मुलं होती. २०२२-२३ मध्ये २५.१७ कोटी, २०२३-२४ मध्ये २४.८० कोटी, २०२४-२५ मध्ये २४.६९ कोटी. पहिल्याच वर्षी सव्वा कोटीहून जास्त घट. 'एवढी मुलं शाळेबाहेर फेकली गेली' असे मथळे तेव्हा सगळीकडे होते. पण २०२२-२३ पासून मोजायची पद्धतच मुळापासून बदलली. तोवर शाळा वर्गवार बेरजा भरून द्यायची: तिसरी, मुलगे १४, मुली ११. त्यानंतर एकेका मुलाची स्वतंत्र नोंद सुरू झाली, नाव, जन्मतारीख, पालक, शक्य तिथे आधार. दोन शाळांत एकच नाव असेल तर ते आता दिसतं. मंत्रालयानेही म्हटलंय की नवे आकडे आधीच्या आकड्यांशी थेट ताडून पाहता येणार नाहीत. माझं मत असं की २०२१-२२ आणि २०२२-२३ यांच्यामध्ये आलेखाची रेघ तोडायलाच हवी. त्या दोन बिंदूंना जोडणारी रेघ वाचकाची दिशाभूल करते.

इथे शिक्षक, अंगणवाडीवाले, कॉलेजात काम करणारे बरेच आहेत. तुमच्या टेबलावर हा आकडा कसा तयार होतो ते लिहा. अहवाल मी वाचू शकतो, फॉर्म भरणारा काय बघतो ते मला कळत नाही.

---

कट्टेकरी

चांगला विषय. एक शंका. काही राज्यांचा प्राथमिकचा जीईआर शंभराच्या वर दिसतो. शंभरातली एकशे तीन मुलं शाळेत कशी असतील?

---

अंशछेद

@कट्टेकरी, जीईआरच्या अंशात वय पाहत नाहीत, इयत्ता पाहतात. समजा पहिली ते पाचवीचं वय ६ ते १० धरलं. या वर्गांत बसलेली सगळी मुलं अंशात येतात, मग त्यात साडेपाच वर्षांचं घातलेलं असो की एकदा मागे राहिलेलं बारा वर्षांचं. छेदात मात्र फक्त ६ ते १० वयाचीच मुलं. म्हणून शंभर ओलांडतात. वय आणि इयत्ता दोन्ही जुळणारी मुलं मोजायची असतील तर एनईआर बघा, तो तत्त्वतः शंभरावर जात नाही. शिवाय छेद हा अंदाज आहे. जन्मदर अंदाजापेक्षा लवकर घसरला असेल तर खरी मुलं कमी आणि कागदावरची जास्त, मग टक्का उगाच कमी दिसतो. स्थलांतर येणाऱ्या शहरात याच्या उलट होतं.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. फॉर्म भरणारा काय बघतो ते विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो.

शाळेचा अकरा अंकी यूडायस क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. आता प्रत्येक मुलालाही अकरा अंकी 'पेन', म्हणजे कायमचा शिक्षण क्रमांक आहे. एकेका मुलाची माहिती तीन भागांत भरायची: सर्वसाधारण, प्रवेशाची आणि सवलतींची. म्हणजे मातृभाषा, प्रवर्ग, दारिद्र्यरेषा, दिव्यांगत्व, मागच्या वर्षी किती दिवस हजर, पुस्तकं मिळाली का, गणवेश मिळाला का. मग केंद्र, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी ते मंजूर होत वर जातं. नाव जनरल रजिस्टरला एक, आधारवर दुसरं आणि जन्मदाखल्यावर तिसरं असेल तर ते मूल अडकतं. आमच्याकडे वडिलांच्या नावापुढे 'राव' लागलं की नाही एवढ्यावरून नोंदी लटकतात.

मूल शाळा सोडून गेलं की त्याची नोंद 'ड्रॉप बॉक्स'मध्ये टाकायची. दुसरी शाळा त्याला तिथून उचलते. उचललं नाही तर ते तिथेच पडून राहतं आणि वर्ष उलटलं की गळती म्हणून मोजलं जातं. आता ते मूल खरंच घरी बसलं, का कर्नाटकात मामाकडे शिकतंय, का परवानगी नसलेल्या इंग्रजी शाळेत घातलंय, हे त्या पेटीत बघून सांगता येत नाही. आम्ही फोन करतो. अर्धे नंबर बदललेले असतात.

पण मला खरं लिहायचंय ते तारखेबद्दल. पट मोजायची तारीख वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर ठरलेली. त्या दिवशी आमच्या वर्गात मुलं दाटीवाटीने बसलेली असतात. दसरा झाला की मुकादमाचे ट्रॅक्टर लागतात, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत अर्धा वर्ग रिकामा. ही मुलं कुठल्याच आकड्यात शाळाबाह्य नाहीत. ३० सप्टेंबरला हजर, एप्रिलच्या परीक्षेला हजर, पुढच्या वर्षी पुढच्या वर्गात. गळती शून्य. मधले पाच महिने ती कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर, धाकट्या भावंडाला सांभाळत असतात. शिक्षण हमी कार्ड देऊन आम्ही पाठवतो, हंगामी वसतिगृह चालवून काही मुलं गावातच थांबवतो. ज्यांची आजी-आजोबा धडधाकट आहेत ती थांबतात. बाकीची जातात. माझी मागणी एकच, मोजणी वर्षातून दोनदा करा. दुसरी जानेवारीत करा.

---

पारिजातक

खडूफळा सर, हे असं लिहिलेलं कुठल्या अहवालात वाचायला मिळणार? आभार.

---

वैनगंगा

अंशछेद, तुमच्या एका मुद्द्याशी पूर्ण सहमत नाही. मोजणीची पद्धत बदलली म्हणून पहिल्या वर्षीची घट कागदी, हे मान्य. पण तेच उत्तर पुढच्या वर्षांना लावू नका. २५.१७ चे २४.८० आणि मग २४.६९ झाले ते नव्याच पद्धतीवर. रेघ तोडल्यानंतरही ती खालीच जातेय.

नावं फुगवली जातात हे महाराष्ट्राला नवीन नाही. ऑक्टोबर २०११ ची पटपडताळणी आठवा. तीन दिवस राज्यभर महसूलचे लोक शाळाशाळांत गेले, मुलांच्या बोटाला शाई लावली आणि सुमारे २० लाख नावांना मुलं सापडली नाहीत. शिक्षकांची पदं संच मान्यतेवर, म्हणजे शाळेला किती शिक्षक त्या मंजुरीवर, संच मान्यता पटावर, अनुदान पटावर. जोवर पटावर पगार अवलंबून आहे तोवर पट फुगणार, आणि आधार जोडल्यावर तो आक्रसणार. इथपर्यंत आपलं एकमत आहे.

पण उरलेल्या घटीत दोन गोष्टी एकत्र आहेत. एक, मुलंच कमी जन्मताहेत. महाराष्ट्रात हे स्पष्ट आहे, खेड्यातल्या शाळांचे पट वीसच्या खाली आलेत ते काही सगळे गळतीने नाहीत. दोन, वरच्या वर्गांची खरी गळती. २०२३-२४ ला माध्यमिक स्तरावर (नववी ते बारावी) गळती १०.९ टक्के होती, २०२४-२५ ला ८.२. सुधारणा आहे, मी नाकारत नाही. तरी शंभरातली आठ मुलं या वर्गांतून निघून जाताहेत. 'पद्धत बदलली' हे वाक्य एकदा तोंडात बसलं की अधिकारी ते प्रत्येक वाईट आकड्यापुढे म्हणतात, याची मला भीती वाटते.

---

अंशछेद

@वैनगंगा, तोडलेल्या रेघेच्या उजवीकडचा भाग आपण दोघंही खरा मानतोय. जन्मदराचा वाटा वेगळा काढायचा तर वयानुसार लोकसंख्या हवी, आणि तिथे परत गाडी २०११ पाशी अडते. इयत्तेनुसार बघितलं तर थोडा अंदाज येतो: पहिलीत येणारी मुलं कमी झाली तर कारण बहुधा जन्मदर, आठवीतली नववीत आली नाहीत तर गळती. एकूण बेरीज बघून यातलं काहीच कळत नाही.

---

माणदेशी

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. यूडायसच्या २०२३-२४ च्या अहवालात पायाभूत स्तराचा जीईआर ४१.५ आहे. हा आकडा दाखवून एका प्रशिक्षणात आम्हाला ऐकवलं गेलं की तीन ते आठ वयाची निम्मी मुलं कुठेच जात नाहीत. फार वाईट वाटलं. पायाभूत स्तर म्हणजे पूर्वप्राथमिकची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. शाळेच्या आवारात नसलेल्या, वेगळ्या भरणाऱ्या अंगणवाड्या यूडायसवर येतच नाहीत. देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. त्यांची मुलं पोषण ट्रॅकरवर असतात, ते खातं वेगळं, ॲप वेगळं. रोज गरम जेवण जेवणारी, गाणी म्हणणारी, मणी ओवणारी ही मुलं त्या ४१.५ मध्ये नाहीत.

आता दुसरी बाजूही सांगते. आमच्या यादीतली काही मुलं सकाळी पिवळ्या गाडीत बसून नर्सरीत जातात आणि आहारासाठी नाव आमच्याकडेही असतं. दोन खात्यांच्या बेरजा एकमेकींत मिळवल्या तर ही मुलं दोनदा येतील. त्यामुळे ४१.५ कमी आहे हे नक्की, खरा आकडा किती ते नुसत्या बेरजेने निघणार नाही. घरोघर जाऊन 'तुमचं मूल कुठे जातं' असं विचारणाऱ्या पाहणीतूनच ते निघेल. 'असर' तसं विचारतं. त्यांच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातली चार वर्षांची ८३ टक्के मुलं कुठल्या ना कुठल्या अंगणवाडी-बालवाडीत होती.

---

पारिजातक

माणदेशी ताईंनी 'असर' काढलंच आहे तर लिहिते. कॉलेजात असताना मी त्या पाहणीला स्वयंसेवक म्हणून गेले होते.

जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. गावाचे चार भाग करायचे, प्रत्येक भागाच्या मध्यापासून सुरुवात करून दर पाचवं घर घ्यायचं. मुलं घरी सापडावीत म्हणून सुट्टीच्या दिवशी जायचं. शाळेत न जाऊन घरीच परीक्षा घेण्याचं कारण हेच की शाळेत फक्त शाळेत आलेली मुलं भेटतात. वाचनाचा कागद एका पानाचा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. आधी उतारा द्यायचा. सलग वाचला तर गोष्ट, अडखळला तर शब्द, शब्दही जमले नाहीत तर अक्षरं. मूल वाक्य म्हणून वाचतंय की सुटे सुटे शब्द जोडतंय हे कान देऊन ऐकायला आम्हाला शिकवलं होतं.

एक पाचवीतला मुलगा उतारा बघून न वाचताच धडाधडा बोलायला लागला. कागदावर होतं वेगळंच, तो पुस्तकातला धडा पाठ म्हणत होता. आई दारातून अभिमानाने बघत होती. मी शब्दांवर बोट ठेवलं तेव्हा तो गप्प झाला. अशा मुलाची नोंद 'अक्षर' अशी होते. पटावर तो पाचवी, हजेरी पूर्ण, गळती नाही, पुस्तकं मिळालेली.

म्हणून मला पटसंख्येच्या वादापेक्षा हे आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात: सरकारी शाळेतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये २०.९ टक्के, कोविडनंतर २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४. दोन वर्षांत सात अंक वर येणं ही शिक्षकांच्या मेहनतीची मोठी गोष्ट आहे. सरकारच्या निपुण भारत मोहिमेत पहिल्या तीन वर्गांच्या वाचनावर जोर दिला त्याचा परिणाम असावा असं मला वाटतं. तरीही चारातल्या तिघांना ती गोष्ट वाचता येत नाही. दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि दोन्ही एकत्रच म्हणायला हवीत.

एक सावधगिरी: असर फक्त ग्रामीण भागाचं असतं. 'परख'ची पाहणी शाळेत होते, ४ डिसेंबर २०२४ ला झाली ती तिसरी, सहावी आणि नववीची. ठिकाण वेगळं, प्रश्न वेगळे. दोन्हींचे टक्के शेजारी ठेवून 'यांचं खोटं, त्यांचं खरं' असा निवाडा करू नये.

---

कट्टेकरी

शिकवणीचं कुठे मोजलं जातं का? आमच्या ओळखीत दहावीपर्यंत शिकवणी नसलेलं मूल दाखवा म्हटलं तर सापडणार नाही.

---

अंशछेद

यूडायसमध्ये नाही. ते राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या घरोघरच्या पाहणीत येतं. एप्रिल ते जून २०२५ मध्ये झालेल्या पाहणीनुसार देशातली २७ टक्के शाळकरी मुलं शिकवणीला जातात किंवा त्या वर्षी जात होती. शहरात ३०.७, खेड्यात २५.५. म्हणजे खेडं फार मागे नाही. त्याच पाहणीत शालेय शिक्षणाचा सरासरी वार्षिक खर्च आहे: सरकारी शाळेतल्या मुलामागे २,८६३ रुपये, बिगरसरकारी शाळेतल्या मुलामागे २५,००२ रुपये.

---

सह्यकडा

मी कॉलेजात आहे, आयशेचं काम माझ्याकडे असतं. थोडक्यात लिहितो. माहिती आता थेट संकेतस्थळावर भरतात. विषयवार, वर्षवार, प्रवर्गवार, मुलगे-मुली अशा चौकटी. परीक्षा विभागाची यादी, प्रवेश विभागाची यादी आणि शिष्यवृत्तीची यादी, तिन्हींचे आकडे जुळत नाहीत, त्यातली कुठली धरायची हे ज्याने त्याने ठरवायचं. अहवाल उशिरा येतात हे खरं दुखणं आहे. २०२१-२२ चा अहवाल जानेवारी २०२४ मध्ये आला. तोवर त्यातली पदवीची बरीच मुलं बाहेर पडलेली असतात.

त्या अहवालात ४.३३ कोटी विद्यार्थी, जीईआर २८.४. नव्या शैक्षणिक धोरणाचं लक्ष्य २०३५ पर्यंत ५० आहे. दूरस्थ शिक्षणाचे विद्यार्थीही यात धरलेले असतात हे लक्षात ठेवा. नाव नोंदवलेला आणि वर्गात बसणारा यातलं अंतर कॉलेजात शाळेपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि हजेरीचा राष्ट्रीय आकडा अहवालात नसतो. मुलींचं प्रमाण मुलग्यांच्या किंचित पुढे गेलंय, लिंगसमानता निर्देशांक, म्हणजे मुलींचा जीईआर भागिले मुलग्यांचा, १.०१. हा मात्र मी रोज वर्गात बघतो तसाच आकडा आहे.

---

माणदेशी

प्रौढांचं राहिलं. 'उल्लास'च्या वर्गांशीही माझा संबंध येतो.

२०११ ची साक्षरता म्हणून ७४.०४ आणि ७२.९९ असे दोन आकडे फिरतात. पहिला तात्पुरता, दुसरा अंतिम. पुस्तकांतसुद्धा अजून पहिलाच छापतात. महाराष्ट्राचा अंतिम आकडा ८२.३४. जनगणनेत साक्षर म्हणजे सात वर्षांवरची, कुठल्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती. पण हे तपासत नाहीत, विचारतात. प्रगणक दारात उभा राहून घरातल्या एकाला विचारतो, तो सगळ्यांचं सांगतो. सासूबाईंना सही येते तर 'साक्षर' म्हणून होऊन जातं.

उल्लासमध्ये निदान परीक्षा घेतात. वाचन, लेखन, संख्याज्ञान, पन्नास-पन्नास गुणांचं. महाराष्ट्रात पहिली १७ मार्च २०२४ ला झाली. नापास असा शेरा नसतो, 'सुधारणा आवश्यक' असतो. एका आजींनी पेपरात नाव लिहिताना सासरचं न लिहिता माहेरचं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहायला मिळतंय तर वडलांचं नाव लिहिते म्हणाल्या. उपस्थिती पत्रकाशी नाव जुळेना म्हणून आम्हाला शेजारी खुलासा जोडावा लागला. त्या पास झाल्या.

२०११ मध्ये देशात १५ वर्षांवरचे २५.७६ कोटी लोक निरक्षर होते, त्यांतल्या १६.६८ कोटी स्त्रिया. उल्लासचं लक्ष्य २०२२ ते २०२७ या पाच वर्षांत ५ कोटींचं. आणि राज्य पूर्ण साक्षर जाहीर करायला ९५ टक्के पुरतात. उरलेल्या पाचांत कोण असतं ते आम्हाला नावानिशी माहीत असतं: एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका, पाड्यावरचे, भटके.

---

खडूफळा

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. जनगणना आता २०२७ मध्ये आहे, संदर्भ तारीख १ मार्च, प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारीत. नवा छेद मिळणार म्हणून अंशछेद यांना आनंद होणं साहजिक आहे. पण फेब्रुवारी म्हणजे ऊसतोडीचा भर. मोजणीच्या सगळ्या दिवसांत माणूस घरी नसेल तर तो जिथे सापडेल तिथे मोजतात. म्हणजे आमच्या तालुक्यातली मुलं कोल्हापूर, सांगली, सोलापूर आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर मोजली जाणार. अंशात ती ३० सप्टेंबरच्या पटावर बीडची आणि छेदात दुसऱ्याच जिल्ह्याची. २०११ लाही मोजणी फेब्रुवारीतच होती. आमच्या पट्ट्यातला टक्का वर आणि कारखान्याच्या पट्ट्यातला खाली दिसला तर कारण हे असू शकतं.

हे जिल्हापातळीवर दुरुस्त करता येईल का? जन्माच्या नोंदीवरून सहा वर्षांची मुलं काढली आणि पहिलीच्या पटाशी ताडली तर?

---

अंशछेद

करता येईल, सर. जन्मनोंदी गावाऐवजी दवाखान्याच्या ठिकाणी पडतात, त्यामुळे जिल्ह्याच्या शहराकडे थोडा कल राहील. पण लसीकरणाच्या याद्या आईच्या राहत्या गावाप्रमाणे असतात. माणदेशी ताईंच्या अंगणवाड्यांच्या सर्वेक्षण नोंदवहीतही शून्य ते सहाची सगळी मुलं असतात, आहार घेवोत न घेवोत. तुमच्या एका केंद्राच्या शाळा आणि त्याच गावांच्या अंगणवाड्या, एवढं घेऊन सुरुवात करू. नावं काढून फक्त वय आणि गाव पाठवा. तक्ता मी बनवतो.

---

माणदेशी

माझ्या बीटमधली गावंही घ्या. नोंदवहीतले आकडे काढून ठेवते.